पाठकुळी

स्कारहेवनच्या बायका नवऱ्यांना पाठकुळी घेऊन समुद्रात नेत. यात हसण्यासारखं काही नाही. बोटी किनाऱ्यापर्यंत येत नाहीत, पाणी हाडं गोठवणारं, आणि एकदा बूट भिजले की गडी दिवसभर बोटीत कुडकुडत बसणार. मग मासे कोण पकडणार, त्याचा बाप? म्हणून बाईने झगा वर खोचायचा, कमरेइतक्या पाण्यात शिरायचं आणि घरधन्याला कोरडाठाक नेऊन बोटीत टाकायचं. बोट परतली की तसंच पाठीवर घेऊन यायचं. पुरुष उतरले की लगेच मिशीला पीळ देत चालायला लागत, जणू स्वतःच्या पायांनीच आले.

डॉक्टर फार्कर इनिस गावात नवा आला तेव्हा खिडकीतून हे बघून मोठ्याने हसला. तो आतल्या डोंगरातला, पाणचक्कीवाल्याचा मुलगा. ओट्सच्या पिठाचं पोतं खांद्यावर टाकून ॲबर्डीनला शिकायला गेला आणि त्याच पिठाची पेज पिऊन डॉक्टर झाला. समुद्र त्याने लांबून पाहिला होता, तेवढाच. समोरच्या घरातली इलस्पेत काउई नुकतीच नवऱ्याला बोटीत पोचवून ओल्या झग्याने परत येत होती. तिने ते हसणं ऐकलं.

"हसून घ्या डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्हालाही कोणी बायको मिळाली तर उचलेल. वजन काही फार दिसत नाही."

तिथून दोघांची ओळख झाली. गावात निम्मे लोक काउईच होते, त्यामुळे आडनावाने हाक मारून उपयोग नसे. जो तो टोपणनावाने ओळखला जाई. सगळ्यांत जुन्या तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचं, नाव होतं विल्यम काउई, पण त्याला सगळे 'कुलूप' म्हणत. एकदा तोंड मिटलं की मिटलं. आणि उघडलं की त्यातून निघेल तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाद्रीसुद्धा त्याच्या वाटेला जात नसे.

गावाचा एक नियम होता. तो पाद्र्याच्या पुस्तकात नव्हता, पण पुस्तकातल्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त पाळला जाई. ज्याचा हात लाकडावर आहे तो बोटीचा, ज्याचा हात सुटला तो समुद्राचा. समुद्राच्या वाट्यात जो हात घालील त्यालाच समुद्र बदल्यात नेणार. तो नाही सापडला तर त्याच्या घरातला, तोही नाही तर गावातला दुसरा कोणी. म्हणून बोट उलटली तर उलट्या बोटीला धरून राहिलेल्यांना लोक जिवाची बाजी लावून काढत. हात सुटलेल्याकडे मात्र कोणी बघायचंही नाही. पोहायला तर कोणी शिकतच नसे.

डॉक्टरला हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं, आणि कळलं ते फार वाईट रीतीने. वादळ शमून लख्ख ऊन पडलं होतं, लाटा मात्र अजून बसल्या नव्हत्या. बंदराच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आहे, त्याच्यावर इलस्पेतच्या नवऱ्याची, अँड्रूची, बोट उलटली. बाकीचे तळाला चिकटून राहिले. अँड्रूचा हात सुटला. तो वाहत वाहत कुलूपच्या बोटीशेजारून गेला, वल्हं पुढे केलं असतं तर धरता आलं असतं इतक्या जवळून. कुलूपने आपल्या खलाशांना वल्ही आत घ्यायला सांगितली.

किनाऱ्यावरून डॉक्टर बोंबलत होता. पाण्यात शिरलाही, पण लाटेने त्याला उचलून परत किनाऱ्याच्या दगडगोट्यांवर आपटलं. थोड्या वेळाने समुद्राने अँड्रूलाही तसंच आणून टाकलं. डॉक्टरने धावत जाऊन छातीला कान लावला. आत काहीतरी फडफडलं. अगदी मंद, पण फडफडलं. हे तो मरेपर्यंत शपथेवर सांगत असे. त्याने अँड्रूचे ओले कपडे फाडले, छाती चोळायला घेतली, आणि तेवढ्यात कुलूपची बोट लागली. कुलूपने दोन गड्यांना खूण केली. त्यांनी डॉक्टरचे हात मागे धरले.

"आणखी कोणाला नका मारू, डॉक्टर," कुलूप म्हणाला. "तो आता आमचा नाही."

डॉक्टर शिव्या देत राहिला, ओढत राहिला, शेवटी रडलासुद्धा. त्याच्या डोळ्यांदेखत अँड्रूच्या ओठांवरचा उरलासुरला रंग गेला. इलस्पेत तिथेच उभी होती, झगा खोचलेला, नवऱ्याला उचलून घ्यायला आलेली. ती जागची हलली नाही.

ॲबर्डीनच्या त्याच्या गुरूने त्याला हाताखाली बोलावलं होतं. मोठं रुग्णालय, मोठं नाव. वसंतात जायचं ठरलं होतं. तो गेला नाही. त्याची आई डोंगरातून मुद्दाम आली, म्हणाली, या माशांच्या वासात काय पुरून ठेवलंयस? त्याने तिला सरळ सांगितलं की बुडालेला एक माणूस उठवीन आणि मगच हे गाव सोडीन. आईने कपाळावर हात मारला. पाणचक्कीवाल्यांचं घराणंच हट्टी, तिला ते लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं.

मग डॉक्टरचं वेड सुरू झालं. पहिल्यांदा तो पोहायला शिकला. रोज सकाळी लोकरीची बंडी घालून त्या बर्फासारख्या पाण्यात उतरायचा, नाकातोंडात पाणी जाऊन खोकायचा, परत उतरायचा. गावाला फुकटची करमणूक झाली. कुलूप एकदा जाता जाता थांबून म्हणाला, "पोहता येणारा माणूस मरायला जास्त वेळ लावतो, बाकी फरक नाही." लोक त्यावर वर्षभर हसले. डॉक्टर पोहायला शिकला.

पुढे लंडनकडून एक नवी रीत आली. बुडालेल्याला उताणं निजवायचं, तोंड साफ करून जीभ पुढे ओढायची, दोन्ही हात डोक्यावर ताणून न्यायचे आणि मग त्याच्याच कोपरांनी त्याच्या बरगड्या दाबायच्या. पुन्हा वर, पुन्हा खाली, थांबायचं नाही. डॉक्टरला हे वाचून झोप लागेना. त्याने घरकाम करणाऱ्या बाईच्या भावाला स्वयंपाकघराच्या फरशीवर निजवून सराव केला. तो गडी पट्टीचा आळशी. प्रत्येक वेळी बुडाल्याचं सोंग घेऊन घोरायचा आणि उठल्यावर व्हिस्की मागायचा.

पण विद्या असून काय करता? दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी त्या दांड्यावर जायचं, आणि दर वेळी डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा, नाहीतर वाटेत गडी आडवे उभे असायचे. त्याने चर्चच्या दाराशी उभं राहून सांगितलं, घरोघर जाऊन सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ज्यांचे गळ त्याने तळहातातून काढले, ज्यांच्या बायकांची बाळंतपणं केली, तीच माणसं त्याला गोडीगुलाबीने दाराबाहेर घालवत.

एकदा कुलूपच्याच अंगठ्यात गळ घुसला आणि हात सुजून भोपळा झाला. डॉक्टर अंगठा चिरत होता तेव्हा त्याने विचारलं, त्या दिवशी वल्हं का दिलं नाहीस.  कुलूपने सांगितलं, आणि हे त्याने आयुष्यात एकदाच सांगितलं. त्याच्या बापाने परक्या गावच्या एका हात सुटलेल्या माणसाला बोटीत ओढून घेतलं होतं. सगळ्यांनी शाबासकी दिली. पुढच्याच हंगामात बाप गेला आणि दोन्ही भाऊ गेले. कुलूप तेव्हा लहान होता म्हणून किनाऱ्यावर राहिला.

"तुमची विद्या मोठी आहे," तो म्हणाला. "पण माझ्या आईला तिघांचे कपडे वाळत घालताना मी पाहिलंय."

 डॉक्टरने अंगठा बांधला. तोवर तो कुलूपला दगड समजत होता; त्या दिवसापासून तसं समजेनासा झाला. आणि हेही त्याच्या लक्षात आलं की अँड्रू गेल्यापासून दर आठवड्याला इलस्पेतच्या दाराच्या कडीला कोणीतरी माशांची जुडी अडकवून जातं. अँड्रूचा मुलगा जॉस मोठा झाल्यावर त्याला स्वतःच्या बोटीवर घेतलं तेही कुलूपनेच.

वर्षं गेली. डॉक्टरच्या कानाशी केस पांढरे झाले, थंडीत गुडघा धरायला लागला. लग्नाचं राहूनच गेलं. आणि एका सकाळी, इतकी वर्षं रोज बघितलेली गोष्ट त्याने त्याच खिडकीतून पुन्हा बघितली. इलस्पेत जॉसला पाठीवर घेऊन पाण्यातून चालली होती. ताडमाड पोरगा, आईच्या खांद्यावरून हात टाकून बसलेला, त्याचे दोन्ही हात कुठल्याही लाकडावर नव्हते. खाली समुद्र होता. रोज, प्रत्येक घरची बाई एकेक पुरुष समुद्रातून उचलून आणत होती, आणि समुद्राने बदल्यात आजवर एकही बाई नेली नव्हती. नेणार कशी? बायका बोटीत पायच ठेवत नव्हत्या.

डॉक्टर तसाच, अर्धी दाढी केलेला, इलस्पेतच्या अंगणात गेला. ती पोचवून परत आली होती आणि शिंपल्यांचं मांस गळांना लावत बसली होती. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. पुरुष हात देणार नाहीत, तर बायकांनी पाठ द्यावी. रोजचंच काम आहे. पुढचं मी शिकवतो.

तिने गळ खाली ठेवला नाही. "आणि इतकी वर्षं हे सुचायला लागली तुम्हाला?"

"लागली."

"त्या दिवशी तुम्हाला दोघांनी धरलं होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "मला कोणीच धरलं नव्हतं. मी उभी राहिले." मग पुढच्या गळाला मांस लावत, "कधी येऊ?"

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरच्या स्वयंपाकघरात बायका जमायला लागल्या. इलस्पेतने कोणाला दटावून आणलं, कोणाला लाजवून. त्या व्हिस्कीवाल्या गड्याची चंगळ झाली. एवढ्या बायकांनी त्याला एवढं कधी हाताळलं नव्हतं. सुरुवातीला नुसतं खिदळणं चालायचं. मग ज्यांच्या घरचं कोणी दांड्यावर गेलं होतं त्या गप्प होऊन नीट बघायला लागल्या, आणि मग सगळ्याच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुलूप दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. तो म्हणाला की बायका बोटीत चढत नाहीत, समुद्र त्यांना ओळखत नाही, हे खरं. "पण त्यांच्या मुलांना ओळखतो," असं म्हणून त्याने इलस्पेतकडे पाहिलं आणि निघून गेला. त्यात धमकी नव्हती. तो पोटतिडकीने सांगत होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका आल्या नाहीत. इलस्पेत आली. तिचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता, पण तिने बाह्या वर केल्या.

शरद ऋतूत, हेरिंग माशांचा हंगाम संपता संपता, भर दुपारी वारा फिरला. बोटी धडपडत बंदराकडे यायला लागल्या. सगळं गाव गोट्यांवर उभं. एक बोट दांडा ओलांडून आत आली, दुसरी आली, आणि तिसरीला लाटेने आडवं धरून पालथं केलं. ती कुलूपची बोट होती. पालथ्या तळावर माणसं दिसायला लागली. जॉस होता. बाकीचे होते. कुलूप नव्हता.

तो दिसला तो दांड्याच्या अलीकडे, तोंड खाली करून, पाण्याबरोबर हलणारा. दोन्ही हात मोकळे. किनाऱ्यावरच्या आणि बोटींतल्या पुरुषांनी टोप्या काढल्या.

डॉक्टरने कोट टाकला आणि पाण्यात शिरला. एवढी वर्षं ज्याला गाव हसलं ते पोहणं त्या दिवशी कामी आलं. तो कुलूपपर्यंत पोचला, त्याची कॉलर धरली आणि ओढायला लागला. पण जिथे पाय टेकतात तिथे लाटा फुटत होत्या, आणि डॉक्टरचा गुडघा त्याला उभं राहू देईना. एकदा पडला, दोनदा पडला, दर वेळी कुलूप हातातून सुटायचा आणि डॉक्टर त्याला पुन्हा धरायचा. त्याने किनाऱ्याकडे पाहिलं. हाक मारायला छातीत दम नव्हता.

इलस्पेत पाण्याच्या कडेला उभी होती. समोर पालथ्या बोटीवर तिचा मुलगा. गावाच्या हिशेबाने ती आता कुलूपला उचलणार म्हणजे जॉसला समुद्राच्या हवाली करणार, आणि तोही तिथे, समुद्राच्या हाताशीच बसलेला. तिचा त्या हिशेबावर विश्वास नव्हता असं कोणी समजू नये. ती त्याच गावात जन्मली होती. तिने एकदा जॉसकडे पाहिलं, झगा खोचला आणि पाण्यात गेली. डॉक्टरजवळ पोचल्यावर तिने पाठ वळवली आणि रोज वाकायची तशी वाकली.

"घाला," ती म्हणाली.

कुलूप म्हणजे धिप्पाड माणूस, त्यात भिजलेला. ती गुडघे टेकत, उठत, त्याला घेऊन बाहेर आली. पुरुष अडवायला पुढे सरसावले, जुन्या सवयीने. पण बायकांनी कडं केलं होतं, खांद्याला खांदा लावून, त्यांच्याकडे पाठ करून. ज्या शिकवणी सोडून गेल्या होत्या त्याही त्यात होत्या. आपल्याच बायकोला ढकलायची कोणाची छाती झाली नाही.

डॉक्टरने कान लावला. काही ऐकू आलं नाही. फडफडही नाही. तरी त्याने कुलूपला उताणं केलं, तोंडातली वाळू काढली आणि सुरुवात केली. हात वर, हात खाली, बरगड्यांवर दाब. हात वर, हात खाली. त्याचे स्वतःचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते. काही वेळाने त्याच्या दंडातली शक्तीच गेली, तेव्हा इलस्पेतने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः बसली. ती थकली की पुन्हा तो. तिची पाठ समुद्राकडे होती. मागून कोणीतरी सांगत होतं की दुसरी बोट मागे वळून पालथ्या बोटीपाशी पोचली, एकाला घेतलं, आणखी एकाला घेतलं.

डॉक्टर म्हणाला, "तू बघ जा. मी करतो."

"तेव्हा सोडला होता," ती म्हणाली. "आता नाही सोडत."

आणि ती दाबत राहिली. किती वेळ, ते विचारू नका. आशा सुटायला पुरेल एवढा वेळ झाला होता, आणि डॉक्टर तरी म्हणत होता, अजून, अजून. तेवढ्यात कुलूपच्या घशातून घाण आवाज आला. पाणी आलं, मग आणखी पाणी आलं, मग शिवी आली.

कोणी जल्लोष केला नाही. एक बाई रडायला लागली, एवढंच. कुलूपने डोळे उघडून वर डॉक्टर पाहिला, इलस्पेत पाहिली, आणि त्याला सगळं समजलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती.

"कोणी काढलं?"

"मी," इलस्पेत म्हणाली. "पाठकुळी."

"जॉस कुठे आहे?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. किनाऱ्यावरून एकच हाय उठली. पालथ्या बोटीवर आता जॉस एकटाच उरला होता, शेवटचा. आणि लाटेने त्याला पुसून काढावं तसं काढलं. तो वर आला तो दुसऱ्या बोटीच्या शेजारी, बापासारखाच, एका वल्ह्याच्या अंतरावर. दोन्ही हात मोकळे. बोटीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक वल्हं आत जायला लागलं.

कुलूप उठला. कसा उठला देव जाणे. डॉक्टरच्या खांद्यावर सगळा भार टाकून तो त्या पोराकडे बघत उभा राहिला. त्याने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही, नुसती फुसफुस. पुन्हा प्रयत्न केला.

"वल्हं द्या."

ते शेजारच्या बाईलाच जेमतेम ऐकू गेलं. पण तिने ते ओरडून म्हटलं, मग पुढचीने, मग सगळ्या जणी एकदम ओरडायला लागल्या, कुलूप म्हणतोय वल्हं द्या. बोटीतल्या तांडेलाने किनाऱ्याकडे पाहिलं. जो माणूस मेला म्हणून त्याने मघाशी टोपी काढली होती तो उभा राहून हात पुढे करून दाखवत होता. तांडेलाने आत घेतलेलं वल्हं बाहेर सरकवलं.

जॉसने ते धरलं.

इलस्पेत तेव्हा खाली बसली. तिचे हात अजून वर-खाली हलत होते. डॉक्टरला ते धरून थांबवावे लागले.

कुलूपला पडून राहणं जमण्यासारखं नव्हतं. थोड्याच दिवसांत तो त्याच्या सगळ्या खलाशांना घेऊन डॉक्टरच्या स्वयंपाकघरात आला. आभारबिभार काही नाही. सुंभ जळला तरी पीळ जातो होय? पण आत आला, बायकांच्या शेजारी बाकावर बसला, आणि बाह्या वर करून म्हणाला, दाखवा. डॉक्टरने त्याला फरशीवर निजायला सांगितलं. तो म्हणाला की मी एकदा निजलोय, तेवढं पुरे, याला निजवा, आणि त्याने जॉसला मानगूट धरून पुढे केलं. व्हिस्कीवाल्या गड्याचं तोंड एवढंसं झालं.

इलस्पेत दाराशी टेकून उभी होती. डॉक्टरच्या आईला तो काय बोलला होता ते सगळ्या गावाला माहीत होतं. अशा गोष्टी गावात लपत नाहीत.

"एक माणूस उठवलात," ती म्हणाली. "मग आता जाणार का?"

डॉक्टरने जॉसच्या डोक्याशी गुडघे टेकले, दुखरा गुडघा आधी. त्याने मान वर केली नाही.

"बाकीच्या बोटींवरचे अजून शिकायला यायचेत," तो म्हणाला, आणि कुलूपला खूण केली. "विल्यम, इकडे ये. मनगटं धर. नीट बघ, हात आधी वर न्यायचे."